डावा मेंदू, उजवा मेंदू आणि आपला खिसा

शाळा सुरू झाल्या की देवपुरात क्लासची पत्रके घरोघर येतात. गणित, इंग्रजी शिकवणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. पण गेल्या काही वर्षांत राज्यभर एक वेगळाच धंदा फोफावला आहे: ‘मुलाचा उजवा मेंदू जागृत करा’, ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’. दोन-तीन दिवसांच्या शिबिरानंतर मूल म्हणे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचते. फी हजारांत. हातावर पोट असलेले आई-बापही लेकराच्या भल्यासाठी उधार-उसनवार करून ती भरतात. आमचे मत स्पष्ट आहे: हे पैसे पाण्यात जातात.

मेंदूचे दोन अर्धगोल असतात, हे खरे. डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा डावी. बहुतेकांचे बोलणे व भाषा मुख्यतः डावीकडे असते. 1861 साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डावीकडे इजा दाखवली. जागेचा अंदाज, चेहरे ओळखणे, बोलण्यातला सूर यांत उजव्याचा वाटा मोठा. पण हे दोघे वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत. त्यांच्यामध्ये सुमारे वीस कोटी तंतूंचा पूल आहे, त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. इकडची खबर क्षणात तिकडे जाते.

हा पूल तुटला तर काय होते? फिट आटोक्यात यावी म्हणून काही रुग्णांचा पूल शस्त्रक्रियेने कापला होता. रॉजर स्पेरी यांनी त्यांची तपासणी केली. नजरेच्या डाव्या बाजूला वस्तूचे चित्र दाखवले, तर रुग्ण तोंडाने म्हणे, ‘काही दिसले नाही’. पण त्याचा डावा हात बरोबर तीच वस्तू उचले! या कामासाठी स्पेरींना 1981 साली नोबेल मिळाले. क्लासवाले त्यांचेच नाव सांगून ‘डाव्या मेंदूचा हिशेबी, उजव्या मेंदूचा कलावंत’ अशी माणसांची वाटणी करतात. 2013 साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाने हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले. अशी वाटणी आढळली नाही. गाणाऱ्याचे आणि हिशेब करणाऱ्याचे, दोघांचेही दोन्ही अर्धगोल राबतात.

माणसांची जन्मावरून वाटणी करणारी व्यवस्था आपण नाकारली. आता मेंदूच्या नावाने केलेली नवी वाटणी विकत का घ्यायची?

राहिली पट्टी. नाकाच्या कडेला फट राहते, मूल तिच्यातून खाली बघते. फट नीट बुजवा, वाचन बंद पडते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हा दावा खोटा असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. शिवाय मुलाला खोटे रेटून बोलायची सवय लागते, हे नुकसान फीपेक्षा मोठे.

मग डाव्या-उजव्याचे ज्ञान कामाचे कुठे? अंगावरून वारे जाते तेव्हा. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला की उजवा हात-पाय लुळा पडतो आणि बऱ्याचदा वाचाही जाते. माणूस बोलत नाही म्हणून त्याला वेडा समजू नका. त्याला पुष्कळ समजत असू शकते. उजवी बाजू बिघडली तर डावे अंग लुळे पडते, आणि कधी कधी रुग्णाला स्वतःलाच ते कळत नाही. ‘मला काही झाले नाही’ असे तो म्हणतो आणि घरचे सकाळपर्यंत थांबतात. त्याचे ऐकू नका. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, यांतले एकही लक्षण अचानक दिसले तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगा. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. भगताकडे, मालिशवाल्याकडे, कबुतराच्या रक्ताच्या उपायाकडे गेलेला वेळ परत येत नाही.

बाबासाहेब 31 जुलै 1937 रोजी धुळ्याला आले ते वकील म्हणून, न्यायालयाच्या कामासाठी. त्या दिवसाच्या आठवणीने आपण दरवर्षी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. वकील पुरावा मागतो. भगवान बुद्धांनीही ‘एहि पस्सिको’, या आणि स्वतः पाहा, असेच सांगितले. तेव्हा क्लासवाला दारात आला तर त्याला म्हणा: पट्टी आम्ही बांधतो, पुस्तक आमचे, मग वाचून दाखवा.

तो पुन्हा येणार नाही. वाचलेल्या फीतून पोरांना पुस्तके, दूध, अंडी द्या आणि पुरती झोप घेऊ द्या. मेंदूच्या दोन्ही बाजू त्यावरच वाढतात.

जय भीम! नमो बुद्धाय!