दंतकथेचा बाजारभाव

२७ ऑगस्ट २०२१ रोजी लॉस एंजेलिस येथे बॉनहॅम्स या लिलावसंस्थेने एक जुने कोल्ट रिव्हॉल्व्हर विकले. अपेक्षा वीस ते तीस लाख डॉलरची होती. विक्री साठ लाखांच्या पुढे गेली. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम ४४ कोटी रुपयांच्या घरात जाते. शस्त्र म्हणून पाहू गेल्यास त्यात अलौकिक असे काहीच नाही. कोल्टच्या कारखान्यातून तशी रिव्हॉल्व्हरे हजारोंनी बाहेर पडली. परंतु १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे शेरीफ पॅट गॅरेट याने 'बिली द किड' या जेमतेम एकविशीतल्या फरारी गुन्हेगाराला याच शस्त्राने ठार केले. कोट्यवधींची किंमत आहे ती त्या रात्रीची.

अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशातील शेरीफ, दरोडेखोर, शिकारी आणि आदिवासी सरदार यांच्या वापरातील वस्तू जमविण्याचा छंद तेथे आता मोठा व्यापार झाला आहे. बिलीचे तळहाताएवढे, पत्र्यावर उतरविलेले छायाचित्र २०११ साली डेन्व्हरच्या लिलावात २३ लाख डॉलरला गेले. हौसेला मोल नसते असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. तथापि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तो सोडवत नाही. कारण पुरवठा, माहिती आणि मालकी या तिन्ही कल्पनांची येथे कसोटी लागते.

प्रथम पुरवठ्याचा विचार करू. मृत व्यक्तीच्या वस्तूंची संख्या वाढू शकत नाही, म्हणून मागणी वाढताच किंमत चढते, असे कोणीही सांगेल. प्रत्यक्षात हा पुरवठा आश्चर्य वाटावे इतका लवचिक आहे! अपाची योद्धा जेरोनिमो १८८६ साली शरण आला आणि १९०९ मध्ये मरेपर्यंत युद्धकैदीच राहिला. त्याला प्रदर्शनांतून मिरविले जाई. १८९८ मध्ये ओमाहाच्या वाटेवर तो स्थानकास्थानकांवर आपल्या कोटाची बटणे पाव डॉलरला विकी आणि पुढचे स्थानक येण्यापूर्वी नवी बटणे शिवून घेई, असे सांगतात. दरोडेखोर जेसी जेम्स १८८२ मध्ये मारला गेल्यावर त्याची आई थडग्यावरील खडे विकीत असे. खडे संपले की ओढ्यातून नवे येत. डॉज सिटीचा एके काळचा शेरीफ बॅट मास्टरसन उत्तरायुष्यात न्यूयॉर्कला वार्ताहर झाला. त्याने जुनी पिस्तुले घेऊन त्यांच्या मुठींवर खाचा पाडल्या आणि ती 'आपली' म्हणून संग्राहकांच्या गळ्यात मारली, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, जेरोनिमोला मात्र दोष देण्यास मन धजत नाही. ज्याची भूमी गेली आणि ज्याला स्वातंत्र्य उरले नाही, त्याच्यापाशी विकण्याजोगे फक्त स्वतःचे नाव उरले होते, आणि त्याचा भाव त्याने अचूक ओळखला.

यातूनच माहितीचा प्रश्न उद्भवतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला ठाऊक असलेले दोष ग्राहकाला ठाऊक नसतील तर खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. स्मरणवस्तूंच्या बाजारात याहून विचित्र स्थिती असते: विक्रेत्यालाही सत्य ठाऊक नसते, आणि ते कळावे अशी दोघांचीही इच्छा नसते. गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरला एवढी किंमत आली, त्याचे एक कारण न्यायालयीन आहे. ते एल पासो येथील एका मद्यगृहाच्या मालकाकडे गेले होते; त्याच्या मृत्यूनंतर ते परत मिळविण्यासाठी गॅरेटच्या विधवेने १९३० च्या दशकात दावा लावला आणि जिंकला. त्या खटल्याचे कागद म्हणजे वस्तूची वंशावळ. असे कागद विरळा. गायक फिल कॉलिन्स यांनी अलामोच्या लढ्याशी संबंधित आपला मोठा संग्रह २०१४ मध्ये टेक्सासला दिला. त्यातील काही वस्तूंच्या अस्सलपणावर जाणकारांनी पुढे जाहीर शंका घेतल्या. संग्रहासाठी इमारत मात्र २०२३ मध्ये उभी राहिली. आपण हसण्याचे कारण नाही. जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास आलेल्या वाघनखांविषयी, ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत असे सिद्ध करता येत नाही, हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतःच नमूद केले होते. आपल्या स्वागतकमानींवर त्या वाक्याला जागा मिळाली नाही.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न मालकीचा आहे, आणि या छंदाचे गोडवे गाणारे त्याला सहसा हात लावीत नाहीत. लाकोटांचा नेता सिटिंग बुल १५ डिसेंबर १८९० रोजी मारला गेला. त्याच्या पार्थिवावरून लष्करी डॉक्टरने केसांची बट आणि लोकरी पायमोजे काढून घेतले. १८९६ मध्ये ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचले. ते कुटुंबाकडे परत जाण्यास २००७ साल उजाडले. त्या बटेतील जनुकीय द्रव्यावरून त्याच्या पणतवाचे नाते २०२१ मध्ये सिद्ध झाले. दोन आठवड्यांनी वुंडेड नी येथे जे हत्याकांड झाले, तेथील मृतांचे म्हणून सांगितले जाणारे कपडे व अन्य वस्तू मॅसॅच्युसेट्समधील बॅरे गावच्या छोट्या संग्रहालयात शतकाहून अधिक काळ पडून होत्या. दीडशेच्या आसपास वस्तू नोव्हेंबर २०२२ मध्ये परत झाल्या. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, या वस्तूंची वंशावळ गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा कच्ची नव्हती. कोणी, केव्हा आणि कोणाच्या देहावरून काढले, हेच तिथे मूल्याचे प्रमाणपत्र होते. ज्या कागदाने लिलावात भाव वाढतो, तोच कागद चोरीचा कबुलीजबाब असू शकतो. १९९० च्या अमेरिकी कायद्याने मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू आदिवासींना परत करण्याचे बंधन सरकारी व सरकारी अनुदान घेणाऱ्या संग्रहालयांवर घातले. खाजगी संग्राहकाचे कपाट बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

खाजगी पैसा खाजगी हौसेवर खर्च होतो, त्यात समाजाने का पडावे, असा आक्षेप येईल. तो पैसा सर्वस्वी खाजगी नसतो. अमेरिकी करदात्याने अशी वस्तू संग्रहालयाला दिली, तर खरेदीची किंमत नव्हे, तर देतेवेळची बाजारभावाची रक्कम त्याला करपात्र उत्पन्नातून वजा मागता येते. काही अटी असतात, परंतु मूल्य ठरविणारा तज्ज्ञ देणगीदारानेच नेमलेला असतो. म्हणजे दंतकथेचा भाव चढला की त्याचा काही भार सरकारी तिजोरीवर पडतो. असे असताना वस्तू मूळ मालकाकडून कशी आली याचा पुरावा, आणि आदिवासी समाजातील वस्तू असल्यास त्या समाजाची लेखी संमती, या दोन गोष्टींवाचून ही वजावट मिळू नये. ही मागणी करण्याचा त्या देशातील कर भरणाऱ्यांना पूर्ण अधिकार आहे. संग्राहकांचा विरोध होईल. त्यांच्यापैकी ज्यांच्यापाशी कागद आहेत, त्यांनी तरी तो का करावा?