दुधामागची वीज

वसुबारसेला गाय-वासराला ओवाळून आपली दिवाळी सुरू होते, म्हणून या अंकाचं पहिलं पान दुधाला आणि त्यामागे जळणाऱ्या विजेला.

कात्रज म्हटलं की पुणेकराला घाट, तळं आणि डेअरी आठवते. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची ती डेअरी. धार काढताना दूध ३७ अंशांच्या आसपास असतं. ते वेळेत ४ अंशांवर आणलं नाही तर नासतं, म्हणून गावोगावच्या संकलन केंद्रांवर बल्क कूलर बसले. संकलन सकाळ-संध्याकाळ, सौर वीज देणारं ऊन मात्र दुपारी. मध्येच वीज गेली की डिझेलचा जनरेटर. पुढे डेअरीत हेच गार दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून पुन्हा गार करायचं. ही उठाठेव परवडते ती पाश्चरायझरमधल्या पातळ पत्र्यांमुळे. पत्र्याच्या एका बाजूने तापलेलं दूध बाहेर पडतं, दुसऱ्या बाजूने गार दूध आत येतं आणि जाणारं आपली उष्णता येणाऱ्याला देऊन जातं. चांगल्या यंत्रात नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता अशी परत मिळते. सौर पॅनलच्या आधी आम्ही मान देऊ तो या काटकसरीला.

याच कात्रजच्या तळ्यातून नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं, शहरातले हौद भरले, तेही निव्वळ उतारावर. आज गुरांच्या चाऱ्याला लागणारं पाणी पंपाने चढवावं लागतं आणि त्यासाठी जुन्नरकडचा शेतकरी वर्षानुवर्षं बिबट्याच्या भीतीत रात्रीच्या विजेची वाट बघत आला. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. ती प्रत्येक शिवारात पोचायलाच हवी. मात्र दिवसाच्या विजेवर विहीर तितक्याच झपाट्याने उपसली जाते. ठिबकाशिवाय सौरपंप देणं आम्हाला पटत नाही.

संकलन केंद्रांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. दुपारच्या उन्हावर बर्फ गोठवून ठेवावा आणि संध्याकाळचं दूध त्यावर गार करावं. जनरेटरचं काम बरंच कमी होईल. उरलेल्या कामाला गोठ्यातल्या शेणाचा गोबरगॅस आहेच, तो तर आपल्याकडे जुनाच.

दूध संघ दिवाळीच्या तोंडावर उत्पादकांना दरफरक देतात. त्या हिशेबात लिटरमागे वीज आणि डिझेल किती लागलं, हा आकडाही छापावा. जिथे तो उतरला असेल तिथे वाचलेले पैसे पहाटे धार काढणाऱ्या बाईच्या खात्यात, याच दरफरकातून, जमा व्हावेत.