न निघालेले तिकीट, बंद झालेली फेरी : परभणी जिल्ह्यातील एसटी प्रवाशांना जाहीर आवाहन

एसटीच्या वाहकाच्या हातातले तिकीट यंत्र पैसे मिळाल्याची पावती देते आणि त्याच वेळी गावाची हजेरीही लावते. कोणत्या थांब्यावर किती माणसे चढली, कुठवर जाणार, पुरी तिकिटे किती, अर्धी किती, सवलतीची किती, हे सगळे तिकिटागणिक यंत्रात उतरते. कामगिरी संपवून वाहक आगारात रोकड भरतो तेव्हा ही नोंद आगाराच्या हिशेबात जमा होते. तिच्यावरून फेरीचे भारमान निघते, किलोमीटरमागचे उत्पन्न निघते, आणि फेरी चालवायची की बंद करायची हे याच आकड्यांवर ठरते. ज्याचे तिकीट निघाले नाही, तो या हिशेबात गाडीत बसलेलाच नसतो. दारापर्यंत खच्चून भरलेली गाडी कागदावर अर्धी रिकामी धावते आणि काही दिवसांनी गावाला उत्तर मिळते : ‘या फेरीला उत्पन्न नाही.’

हे उत्तर ऐकून संतापणाऱ्या, निवेदने देणाऱ्या, रस्त्यावर बसणाऱ्या गावांनी एकदा स्वतःच्या खिशातली तिकिटे मोजून पाहावीत. फेरी बंद करणारा अधिकारी दोषी असेल, पण त्याच्या हातात तो आकडा प्रवाशांनीच दिलेला असतो.

परभणी जिल्ह्यात तालुके ९ आणि एसटीची आगारे ४ : परभणी, जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी. परभणी विभागाची बाकीची तीन आगारे, हिंगोली, वसमत आणि कळमनुरी, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहेत. सेलू, मानवत, सोनपेठ, पालम, पूर्णा या तालुक्यांना दुसऱ्या गावच्या आगारातून येणाऱ्या गाडीची वाट पाहावी लागते. पूर्णा, सेलू, गंगाखेड येथे निदान रेल्वे थांबते. जिंतूर आणि पाथरीच्या माणसाला तीही नाही. गाड्या कमी पडल्या की पहिली कुऱ्हाड आतल्या खेड्याच्या फेरीवर, आणि त्यातही रात्रीच्या मुक्कामी गाडीवर पडते. मुक्कामी गाडी गेली की सकाळचे कॉलेज गेले, दवाखान्याची वेळ गेली, भाजीपाल्याचा बाजार गेला. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत शाळेत जाण्यासाठी मोफत पास आहे. पण गाडीच बंद झाली तर तो पास दप्तरातच राहतो. मुलींची शाळा पहिल्यांदा सुटते ती इथे. मुलीच्या पाससाठी रांगेत उभा राहणारा बाप स्वतःच्या प्रवासाचे तिकीट सोडून देतो, याची जाणीव गावोगाव व्हायला हवी.

या भागाला सरकारी बस नवी नाही. परभणी हैदराबाद संस्थानात होती आणि निजामाच्या रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी संस्थानात बससेवा सुरू केली. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. त्यानंतर कित्येक वर्षे वाहकाच्या काखेत तिकिटांचा ट्रे असायचा. वेगवेगळ्या किमतीच्या रंगीत तिकिटांचे गठ्ठे, हातात चिमटा, आणि भाडे जुळवायला कधी कधी दोन-तीन तिकिटे. गठ्ठ्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक मार्गपत्रकावर चढवायचा, त्यावरून हिशेब. त्यात पैसे जुळत, पण कोण कुठे चढला आणि कुठे उतरला हे नेमके उमगायला फार आकडेमोड करावी लागे. यंत्राने ती आकडेमोड संपवली. आताची अँड्रॉइडवरची यंत्रे तर यूपीआयचा क्यूआर कोडही दाखवतात. इतके चांगले साधन हाताशी असताना त्यात नोंदच होऊ द्यायची नाही, हा शुद्ध करंटेपणा आहे.

तिकीट न निघण्याचे मूळ सुट्ट्या पैशांत आहे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. साध्या गाडीचा ६ किलोमीटरचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. तिकिटामागे अपघात सहायता निधीचा १ रुपया वेगळा. म्हणजे पहिल्याच टप्प्याला ११ रुपये. खेड्यातून येणाऱ्या माणसाकडे दहाची नोट असते, वरचा रुपया नसतो. मोठी नोट दिली तर वाहकाकडेही परत द्यायला सुट्टे नसतात. मग गाडीत बाचाबाची होते, बाकी रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहिली जाते आणि उतरण्याच्या घाईत ती राहून जाते. किंवा, आणि हेच सर्वांत घातक, प्रवासीच म्हणतो, ‘राहू द्या तिकीट, दहाच घ्या.’ त्या क्षणी रुपया वाचतो आणि गावाची हजेरी बुडते.

हे दहा रुपये कुठे जातात, हा प्रश्न अनेकांना गैरसोयीचा वाटतो. बहुतेक वाहक प्रामाणिक आहेत. कामावर निघताना त्यांना खिशातली खाजगी रक्कमही नोंदवावी लागते आणि वाटेत तपासणी पथकाला रोकड व तिकिटांचा मेळ दाखवावा लागतो. तिकीट न घेता पैसे पुढे करणारा प्रवासी त्या माणसाच्या नोकरीशी खेळतो. स्वतः प्रवासीही सुटत नाही : विनातिकीट सापडल्यास मूळ भाडे तर भरावेच लागते, शिवाय चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, यांतली जास्त असेल ती रक्कम दंड म्हणून द्यावी लागते. पैसे दिले होते, हे सांगून उपयोग होत नाही, कारण पुरावा म्हणून दाखवायला हातात काहीच नसते. गाडीला अपघात झाला तर आपण त्या गाडीत होतो हे सांगणारा साधा सोपा पुरावाही तिकीटच असते.

सवलतींच्या बाबतीत गैरसमज सर्वांत जास्त आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे भाडे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे. मोफत प्रवास म्हणजे विनातिकीट प्रवास नव्हे. आजोबांनाही शून्य रुपयांचे तिकीट मिळायला हवे, कारण सवलतीची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते आणि त्याचा आधार ही तिकिटेच असतात. गर्दीत ‘आजोबा, बसा, तुमचे काय तिकीट’ असे म्हटले गेले आणि आजोबा खूश होऊन बसले, तर फेरीच्या खात्यातून एक माणूस कमी झाला. अर्ध्या तिकिटाच्या बायकांचेही तेच. ज्या गावात दुपारच्या फेरीला म्हातारी माणसे आणि बायकाच जास्त असतात, तिथे ही गळती फेरी मारून टाकते.

या आवाहनावर नेहमीचे आक्षेप येतील. एका रुपयासाठी कशाला भांडायचे, हा पहिला. भांडण रुपयाचे नाहीच, तेव्हा त्याला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरा असा की काळी-पिवळीत कुणी तिकीट देत नाही, तिथे कुणी बोलत नाही. काळी-पिवळी सवलत देत नाही, मुक्कामाला राहत नाही आणि भरल्याशिवाय हलत नाही. तिची आणि एसटीची बरोबरी करणाऱ्याने आपल्या मुलीला रोज तिच्यातून पाठवून पाहावे. तिसरा आक्षेप शहरी शहाण्यांचा : रोकडच बंद करा. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत, हे खरे आहे. पण जिंतूरच्या डोंगरी भागात फोनला रेंज नसताना, फोनच नसलेल्या मजूर बाईला गाडीतून उतरवायचे का? रोकड राहिली पाहिजे आणि तिकीटही निघाले पाहिजे.

हे आवाहन करणारी प्रवासी मंडळी कोणत्याही पक्षाची नाहीत. रोज त्याच गाड्यांतून जाणारे शिक्षक, विद्यार्थी, दूधवाले, शेतमजूर त्यांत आहेत, कुणाकडून एक पैसा न घेता ती हे काम करतात, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

प्रत्येक प्रवाशाने गाडीत बसताच तिकीट मागून घ्यावे, वाहक येण्याची वाट पाहत झोपू नये. तिकिटावरची तारीख, चढण्या-उतरण्याचे थांबे, माणसांची संख्या आणि रक्कम तिथल्या तिथे वाचावी; वाचता येत नसेल तर शेजारच्या विद्यार्थ्याने वाचून दाखवावी, त्यात लाज कसली. थांबा चुकीचा असेल तर लगेच सांगावे, कारण पुढच्या गावचे तिकीट मागच्या गावच्या नावावर पडले तर हजेरीही त्याच गावाला लागते. घरातून निघताना एक-दोन रुपयांची नाणी सोबत ठेवावीत. दुकानदारांनी आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टे द्यायला हात आखडू नये. फोन असेल आणि रेंज असेल तर क्यूआर कोडवर पैसे भरावेत, पण तिकीट हातात आल्याशिवाय फोन खिशात घालू नये. यंत्र बंद पडले असेल तर वाहकाकडे छापील तिकिटे असतात, ती मागावीत. यंत्राचा कागद उष्णतेने काळा पडतो आणि काही दिवसांत अक्षरे उडतात. तक्रार करायची असेल तर त्याच दिवशी तिकिटाचा फोटो काढून ठेवावा.

ज्या गावांना फेरी जाण्याची भीती आहे त्यांनी सलग एक महिना तिकिटे शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जमा करावीत. शाळेच्या वरच्या वर्गातल्या मुलांनी ती तारखेप्रमाणे वहीत लिहून काढावीत : तारीख, फेरीची वेळ, माणसे, रक्कम. तिकीट न मिळालेल्यांची संख्या वेगळ्या रकान्यात लिहावी. वाहकाचे नाव लिहू नये. महामंडळाने जुलै २०२४ पासून आगारांत सोमवार-शुक्रवारी ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला, त्यात विभागाच्या अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडता येते. वहीची प्रत तिथे द्यावी आणि दिल्याची पोच घ्यावी. महिला बचत गटांनी हे काम अंगावर घेतले तर ते लवकर होईल, कारण अर्ध्या तिकिटाचा हिशेब त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. अधिकाऱ्याने यंत्राचा आकडा दाखवला की गावाने वहीतला आकडा शेजारी ठेवावा, आणि दोन्हींत फरक असेल तर त्या फेरीची पुन्हा मोजणी होईपर्यंत ती बंद करू नये अशी लेखी मागणी त्याच दिवशी द्यावी.