भरवसा देवाचा आणि अर्धी गोळी

एरवी आटोक्यात असलेला वृद्ध रुग्णाचा रक्तदाब एकाएकी चढलेला आढळला, की डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतो. जेवणात मीठ वाढले का, लोणचे-पापड सुरू झाले का, झोप लागते का? गेल्या काही वर्षांत या प्रश्नांत मी आणखी एकाची भर घातली आहे आणि तो विचारताना आवाज थोडा खाली घेतो : घरात पैशांची ओढाताण आहे का? बहुधा सरळ उत्तर येत नाही. समोरची व्यक्ती क्षणभर भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहते आणि म्हणते, "देव आहे ना, डॉक्टरसाहेब. तो घेईल बघून."

या वाक्याची थट्टा करावी असे मला कधीही वाटले नाही. पंचवीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायात मी अनेक घरे पाहिली. ज्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागतो, हरिपाठ होतो, तेथील आजारी माणूस संकटात सहसा एकटा पडत नाही. आर्थिक विवंचना हा केवळ मनाचा व्यापार नाही. सततच्या काळजीने ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके शरीरात वाढलेली राहतात; त्यामुळे नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, साखर हट्टी होते, झोप उडते. आपली चिंता देवाच्या पायाशी ठेवून जो खरोखर झोपी जातो, त्याचे शरीर या माऱ्यापासून काही काळ तरी विसावते. श्रद्धेचे हे देणे मी नाकारीत नाही. माझी अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

एक गृहस्थ माझ्याकडे बरीच वर्षे येतात. आयुष्य छापखान्यात जुळारी म्हणून गेले. माळकरी, मितभाषी, वय पंच्याहत्तरीच्या आसपास. भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन तुटपुंजे. उरलेली पुंजी गावातील एका पतसंस्थेत ठेवलेली होती, आणि ती पतसंस्था अडचणीत आली. (बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते नसते, ही गोष्ट बहुतेकांना पैसे अडकल्यावरच कळते.) पत्नीला कंपवात. तिच्या औषधांत त्यांनी एका दिवसाचाही खंड पडू दिला नाही. स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र ते एक दिवसाआड घेऊ लागले, आणि मधुमेहाची अर्धी. पुण्यातील मुलाला कळवले नाही, मलाही सांगितले नाही. "विठोबाने आजवर उपाशी ठेवले नाही," एवढेच ते स्वतःशी म्हणत राहिले. एके सकाळी उजवा हात निर्जीव झाला, जीभ अडखळली. पंधरा-वीस मिनिटांत सारे पूर्ववत झाले, म्हणून ते दवाखान्यात येण्यास तयार नव्हते. पत्नीने थरथरत्या हाताने शेजाऱ्यांचे दार वाजवले म्हणून आले. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर खंडित झाल्याची ती खूण होती. अशी खूण मोठ्या पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते, आणि लक्षणे मावळली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावेच लागते.

रुग्णालयातून घरी आल्यावर आमचे बोलणे झाले. मी त्यांना म्हटले, "काका, विठोबावर आपला भरवसा आहे; मग मुलाला का कळवले नाही?" ते म्हणाले, "देवाकडे मागायला लाज वाटत नाही. माणसाकडे वाटते."

या एका वाक्याने मला बराच विचार करायला लावले. आपल्या परंपरेत देव पैशाची थैली घेऊन आला, तेव्हा तो कोणत्या रूपात आला, हे आठवून पाहावे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. त्या धान्याचे मोल बीदरच्या दरबारात भरले ते विठू महाराच्या रूपातील विठ्ठलाने, अशी आख्यायिका आहे. पैठणला एकनाथांच्या घरी पाण्याची कावड वाहणारा श्रीखंड्या हा घरगडी होता. जनाबाईच्या जात्याला हात लागला तोही दळणाला बसलेल्या जोडीदाराचा. या कथांतला देव प्रत्येक वेळी कोणा माणसाच्या वेषात येतो, आणि तोही बहुधा साध्यासुध्या, कष्टकरी माणसाच्या. दारात उभ्या राहिलेल्या त्या माणसाला "नको, आमचे आम्ही पाहू" असे सांगून परत पाठवायचे आणि मग देव्हाऱ्यासमोर डोळे मिटायचे, यात कोठेतरी विसंगती आहे.

आणि तुकोबा? १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नाविना गेली, मूलही गेले. ईश्वरावरील विश्वास म्हणजे पैसा येईलच याची हमी, असे ज्यांना वाटते त्यांनी देहूतील या घराकडे पाहावे. तेथे मोहरांची थैली घेऊन कोणी आले नाही. चरित्रकार सांगतात ते निराळेच : वडिलार्जित सावकारीची कर्जखते तुकोबांनी भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. स्वतः नागवला गेलेला माणूस दुसऱ्याचे देणे माफ करतो! ईश्वराच्या औदार्याचा याहून मोठा अर्थ मला ठाऊक नाही. परंतु तो गोळ्या अर्ध्या करण्याच्या बाजूने खासच नाही.

तेव्हा डॉक्टरला पैशांची अडचण सांगावी. हे सांगणे भीक मागणे नव्हे. तो आपल्या प्रकृतीचा इतिहासच आहे. अडचण कळली तर चिठ्ठीत पुष्कळ काही बदलता येते. पाच-सात औषधांच्या चिठ्ठीत एखादे टॉनिक, एखादे जीवनसत्त्वाचे कॅप्सूल, महागडी प्रथिनांची भुकटी असतेच. त्यांतील बरीचशी वगळता येतात. फुटाणे, शेंगदाणे, मूग, ताक आणि खाणाऱ्यांसाठी अंडे हे त्या डब्यापेक्षा स्वस्त आहे, आणि त्याची चव तर निश्चितच बरी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण विचारून घ्यावे. याउलट रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, थायरॉईड व अपस्माराची औषधे, हृदयात स्टेंट बसवल्यानंतरची रक्त न गोठण्याची गोळी, यांना स्वतःच्या मनाने हात लावू नये. रक्तदाबाची काही औषधे एकदम थांबवली तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी मोडली, तर चोवीस तासांचे औषध थोड्याच वेळात रक्तात उतरते. काय वगळावे आणि काय नाही, हे रुग्णाने अंधारात ठरवू नये, एवढेच माझे मागणे आहे.

जनऔषधी केंद्रात तोच घटक बहुधा निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. ॲम्लोडिपीन, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन ही नेहमीची औषधे तेथे असतात. वेष्टन निराळे दिसले म्हणून औषध हलके ठरत नाही, तरीही पहिल्या खेपेस गोळ्या डॉक्टरला दाखवून घ्याव्यात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळू शकतात. मात्र त्यात घरी रोज घ्यायच्या गोळ्या येत नाहीत, हे ध्यानात असावे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. तेथे गेल्यावर आधी वैद्यकीय समाजसेवकाचा कक्ष विचारावा. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत आधीच काढून ठेवलेला बरा. मध्यरात्री कपाटे उपसावी लागत नाहीत.

नवसाविषयी एक शब्द. कर्ज काढून नवस फेडणारी घरे मी पाहिली आहेत. इन्सुलिनच्या पैशांतून आलेल्या नारळावर कोणता देव प्रसन्न होत असेल, मला कळत नाही. औषधे सोडा म्हणजे श्रद्धा सिद्ध होईल, असे सांगणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावे.

आता सांभाळ करणाऱ्यांना. वृद्ध माणसे अडचण बोलून दाखवत नाहीत, पण औषधांचा डबा बोलतो. महिन्याला संपायला हवी ती पट्टी दीड महिना चालली, गोळ्यांचे तुकडे कागदात गुंडाळलेले दिसले, "आता बरे वाटते" म्हणून तपासणीची तारीख पुढे गेली, तर शांतपणे चौकशी करावी. चारचौघांत नव्हे. हातात पैसे दिले तर ते नातवाच्या वाढदिवसासाठी राखून ठेवले जातात, हा माझा अनुभव. त्याऐवजी औषधेच महिन्याच्या महिन्याला घरपोच होतील असे पाहावे. आणि देताना उपकाराचा सूर नको. देवळातला प्रसाद आपले वडीलधारे किंमत न विचारता दोन्ही हात पुढे करून घेतात. औषधही तसे घेता यावे, अशा रीतीने ते त्यांच्यापुढे ठेवता येते. वरील गृहस्थांच्या मुलाने नेमके हेच केले. दर महिन्याच्या एकादशीला औषधांची पिशवी घरी पोहोचते, आणि काका ती आधी देव्हाऱ्यापाशी ठेवतात, मग उघडतात. माझी त्याला काही हरकत नाही.

पुढील तपासणीस येताना घरातील सर्व औषधे, संपलेल्या पट्ट्यांसह, पिशवीत घालून आणावीत. औषधांच्या दुकानात उधारी साचली असेल, तर तो आकडाही सांगावा.