विष उतरलं, तपासणी उरली

कपाशीवर फवारणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातून रुग्णालयात दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. एकाला नातेवाईक ‘औषध घेतलं’ म्हणून उचलून आणतात, दुसऱ्याला ‘डोकं फिरलं’ म्हणून बांधून. पहिल्याच्या केसपेपरवर मनाविषयी एक ओळ नसते. दुसऱ्याच्या केसपेपरवर रक्तातल्या साखरेचा आकडा नसतो. रुग्ण कोणत्या विभागाचा, हे दारातच ठरवून टाकण्याची सवय या दोन्ही चुकांच्या मुळाशी आहे.

एकाएकी बरळू लागलेला, स्थळकाळाचे भान सुटलेला, घटकेत शांत नि घटकेत बेफाम होणारा माणूस आधी डिलिरियमचा, म्हणजे शारीरिक कारणाने भ्रम झालेला, रुग्ण समजावा. नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, साखर आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहायला पाच मिनिटे पुरतात. बारीक बाहुल्या, लाळ, घाम दिसला तर ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाचा संशय घ्यावा. त्याच रुग्णाला त्यावरचा उतारा, अट्रोपिन, जास्त झाला, तर बाहुल्या मोठ्या होतात, त्वचा कोरडी पडून तापते आणि तो पुन्हा बरळतो. दारू सुटून दोन-तीन दिवस झाले आहेत का, हेही विचारावे. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विष अंगात गेले म्हणजे ते प्यालेच, असे धरून चालणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

प्यालेला रुग्ण मात्र वाचला की घरी जातो, आणि घरात कीटकनाशकाचा डबा तसाच असतो.

नातेवाइकांना बाहेर बसवून त्याला सरळ विचारावे: जीव द्यायचा विचार होता का? अजून येतो का? विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत खोटी आहे. रुग्ण कोलामी किंवा गोंडी बोलत असेल तर ती बोली जाणणारा कर्मचारी शोधावा. ज्या घरात भांडण झाले, त्या घरचाच माणूस दुभाषी नको. पोलिसांच्या धास्तीने कुटुंब ‘चुकून प्याला’ सांगते. त्यांना सांगावे, की मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम ११५नुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते आणि उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे. कलम ९४ कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत तातडीचे मानसिक उपचार करू देते. मनोविकारतज्ज्ञ नाही, ही सबब तिथे टिकत नाही.

या हंगामापासून प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर तीन नोंदी कराव्यात: विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे, घरातले कीटकनाशक कोणाच्या कुलपात राहील त्याचे नाव, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक.