रस्ता तयार आहे, फक्त सायकलला मुभा द्या

मंडळी, आज जरा मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा.

आपल्याकडे सायकलसाठी वेगळा रस्ता हवा म्हटलं की दोन उत्तरं येतात. एक, जागा कुठंय? दोन, पैसा कुठंय? नीरा खोऱ्यापुरतं बोलायचं तर दोन्ही प्रश्न निकाली निघालेले आहेत. रस्ता आहे, सरकारी मालकीचा आहे, भूसंपादन लागत नाही आणि तो बांधून शंभरावर वर्षं झाली. कॅनॉलच्या कडेचा रस्ता.

१८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि त्यानंतर इंग्रज सरकारने नीरा डाव्या कालव्याचं काम हाती घेतलं. १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूर असा जातो. उजवा नंतर झाला. तो खंडाळा, फलटण, माळशिरसवरून थेट पंढरपूरच्या अंगाला जातो. दोन्ही दीडशे किलोमीटरच्या आसपास. कालवा म्हटला की त्याच्या भरावावर पाहणीसाठी वाट आली. त्या काळी साहेब घोड्यावरून फिरायचा, मग जीप आली, आता पाटकरी मोटरसायकलवर फिरतो. मधे मधे खात्याचे दगडी बंगले. काही बरे आहेत, काहींच्या छपरातून पिंपळ उगवलाय.

आता यातली गंमत बघा. कालवा डोंगराच्या कुशीकुशीने, एकाच पातळीला धरून काढतात. उतार मैलाला एखाद-दोन फूट. पाण्याला जेवढा लागतो तेवढाच. म्हणजे कडेची वाटही तशीच सपाट. चढ नाही, उतार नाही, धाप नाही. साठीचा माणूस आणि आठवीतली पोरगी एकाच वेगाने जाऊ शकतील असा दुसरा रस्ता आपल्या तालुक्यात मला दाखवा.

मी या वाटेवर बऱ्याचदा जातो. शर्यतीची सायकल नाही, डोक्यावर टोपडं नाही, साधी सायकल. तासाला दहा-बारा किलोमीटर. रब्बीचं आवर्तन सुरू असतं तेव्हा पाणी काठोकाठ असतं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, मधे कुठे हरभरा, कुठे गहू. तारेवर खंड्या, काठच्या बाभळीला सुगरणीची घरटी. चारीच्या तोंडाशी दोन शेतकरी पाळीवरून वाद घालत असतात आणि आपल्याला बघून साक्षीदार मिळाल्यासारखे हाक मारतात. गाडीतून जाताना गाव म्हणजे गतिरोधक असतो. सायकलवरून जाताना कळतं की या गावचं पाणी कुठवर पोचतं आणि कुठल्या चारीच्या पुढचं रान वर्षानुवर्षं कोरडं आहे. बातमीदाराला याहून काय पाहिजे?

पण हा लेख माझ्या हौसेचा नाही.

आपल्याकडे दोन पालखी मार्ग चौपदरी झाले. चांगलं झालं. वारकऱ्यांसाठी बाजूला चालण्याची वाटही आखली. पण रोज सकाळी शाळेला निघणारी पोरं, कामाला निघणारे मजूर, दुधाच्या किटल्या लावून डेअरीला जाणारे म्हातारे, हे सायकलवाले आता कुठून जातात ते एकदा बघा. ज्या रस्त्यावर ऐंशी-शंभरच्या वेगाने गाड्या सुटतात त्याच्या कडेकडेने. कारखाने सुरू झाले की भर पडते ती दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरची. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर कर्णकर्कश गाणी. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात. चांगली योजना आहे. पण सायकल दिली म्हणजे शाळेपर्यंत रस्ता दिला असं होत नाही. घरची माणसं म्हणतात, हायवेवरून नको जाऊ. मग सायकल घरी आणि काही ठिकाणी पोरगीही घरी.

त्याच वेळी हायवेपासून हाकेच्या अंतरावर, कैक गावांना जोडत जाणारी कालव्याची वाट वेड्या बाभळीने झाकून जातेय.

ज्या देशांना आपण उठता बसता पुढारलेले म्हणतो त्यांनी याच वाटांचं काय केलं ते बघू. फ्रान्समध्ये तुलूजपासून निघणारा कॅनाल दु मिदी नावाचा कालवा आहे. १६६६ ते १६८१ या काळात खोदला, लांबी २४० किलोमीटर, १९९६ पासून जागतिक वारसा. तो होड्यांसाठी होता. काठावरून घोडे होड्या ओढायचे, म्हणून काठाला वाट. मालवाहतूक संपली, घोडे गेले, वाट राहिली. आज तिथे लोक सायकली घेऊन आठवडा आठवडा रमतगमत फिरतात. डॅन्यूब नदीकाठी जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत तीनशेच्या वर किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्याचे कितीतरी तुकडे म्हणजे जलवाहतूक खात्याची जुनी वाटच. खात्याने काय केलं? मालकी ठेवली, देखभाल ठेवली आणि पाटी लावली की सायकलवाल्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर यावं. इंग्लंडात तर एके काळी कालव्याकाठी सायकल चालवायला परवाना लागायचा. ती अट पुढे काढून टाकली.

आणि सगळ्यात भारी किस्सा अमेरिकेतला, तो आम्हा पत्रकारांनी तर पाठच करायला हवा. वॉशिंग्टनहून कंबरलँडला जाणारा एक जुना कालवा होता. १९२४ च्या पुरानंतर बंद पडला. त्याच्या जागेवर मोटारींसाठी रस्ता करावा असा प्रस्ताव आला आणि वॉशिंग्टन पोस्टने जानेवारी १९५४ मध्ये अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती होते, विल्यम डग्लस. त्यांनी पत्र लिहून संपादकाला आवतण दिलं, की माझ्याबरोबर हा काठ चालून बघा आणि मग ठरवा. संपादकांनी आवतण स्वीकारलं. मार्चमध्ये मंडळी निघाली. आठ दिवस, सुमारे तीनशे किलोमीटर. शेवटपर्यंत पायी पोचले नऊच जण. पण पेपरने भूमिका बदलली. १९७१ मध्ये तो अख्खा कालवा राष्ट्रीय उद्यान झाला. आज त्या वाटेने लोक चालतात, सायकली हाकतात.

मुद्दा असा, की कागदावर कालवा म्हणजे मोकळी जागा दिसते. जाऊन बघितलं की रस्ता दिसतो.

आता आक्षेप. तेही खोटे नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिला, पोरं बुडतील. भीती खरी आहे. आमच्याकडे कालव्याच्या बातम्या येतात त्या तीनच: पाणीचोरी, फुटलेला भराव आणि बुडालेला मुलगा. जिथे अस्तरीकरण झालंय तिथे गुळगुळीत उतारावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पण हा धोका आजही आहेच, कारण पोरं आजही तिथे जातात. ठरावीक अंतरावर पायऱ्या, धरायला साखळी, वळणावर आणि पुलाशी कठडा, हे सायकली आल्या नाहीत तरी करायलाच हवं. उलट राबता वाढला तर कुणी घसरलं तेव्हा हाकेला माणूस असेल.

दुसरा, भराव खचेल. सायकलने भराव खचत नाही, वाळूच्या हायवाने आणि उसाच्या ट्रॅक्टरने खचतो. म्हणून माझी मागणी डांबराची नाहीच. डांबर टाकलं की दुसऱ्या दिवशी चारचाकी येणार. मुरूम टाका, रोलर फिरवा आणि फाट्याफाट्यावर कुलपाचा आडवा खांब लावा. किल्ली पाटकऱ्याकडे. खात्याची जीप आणि जेसीबी जाईल, बाकी मोटार नाही.

तिसरा, बिबट्या. उसाच्या पट्ट्यात हा विनोदाचा विषय नाही. म्हणून वाट दिवसाउजेडी वापरायची, काठची झुडपं साफ ठेवायची. शाळेच्या वेळेला पोरांनी गटाने जायचं. बायाबापड्या आत्ताही त्याच काठाने शेतावर जातात, त्यांनाही झुडपं काढलेली हवीच आहेत.

चौथा आक्षेप शेतकऱ्यांचा, की सायकलीच्या नावाखाली उद्या आमची जागा घेतील, बाहेरची माणसं येऊन पार्ट्या करतील. याचं उत्तर ग्रामपंचायतीला सोबत घेण्यात आहे. एक इंचही नवीन जागा नको, हे लेखी द्या. आणि बाहेरच्यांचं म्हणाल तर सायकलवाला हा गावासाठी सगळ्यात फायद्याचा पाहुणा. गाडीवाला पंपावर थांबतो. सायकलवाल्याला दर दहा किलोमीटरला चहा लागतो, दुपारी पिठलं-भाकरी लागते, रात्री अंग टाकायला खोली लागते. ते पडके बंगले दुरुस्त करून गावातल्या महिला बचत गटाला चालवायला द्या की. आषाढीच्या आधी शेकडो लोक सायकलवारी करत पंढरपूरला जातात, तेही हायवेच्या कडेने जीव मुठीत धरून. उजवा कालवा त्याच दिशेने वाहतोय.

घाई यासाठी, की सध्या कालव्यांच्या दुरुस्तीचं, अस्तरीकरणाचं वारं आहे. अस्तरीकरणाने विहिरींचं पाणी कमी होईल की नाही हा वेगळा वाद, त्यावर स्वतंत्र लिहीन. पण काम कुठलंही निघालं, तरी काठच्या वाटेची एक ओळ अंदाजपत्रकात आत्ताच घालता येते. ठेकेदार निघून गेल्यावर त्या एका ओळीसाठी पुढची वीस वर्षं निवेदनं देत बसावं लागेल.

म्हणून मागणी छोटी ठेवतो. अख्खे दीडशे किलोमीटर नकोत. तालुक्यातला एकच दहा किलोमीटरचा तुकडा घ्या, ज्यावर निदान दोन शाळा आहेत. वर्षभर चालवून बघा. किती पोरं आली ते मोजा. नाही जमलं तर खांब काढून टाका, मुरूम काही वाया जात नाही.

आणि डग्लससाहेबांचं आवतण आपल्याकडेही देऊन टाकतो. खात्याचे अभियंते, पंचायत समितीची मंडळी, आमचे पत्रकार बंधू, मुख्याध्यापक, सगळ्यांना. रब्बीच्या आवर्तनातला कुठलाही रविवार तुम्ही सांगा. सकाळी सात वाजता, आपापली सायकल. नसेल तर पोराची आणा, आठवीतली पोरगी चालवते ती वाट आपल्यालाही जमेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा, पण आधी एकदा काठाने जाऊन या.