बंब वस्तीपर्यंत का पोहोचत नाही?

14 एप्रिल या तारखेचे महत्त्व आंबेडकरी समाजाला कोणी सांगण्याची गरज नाही. परंतु याच तारखेला देशभरातील अग्निशमन केंद्रांत आणखी एक स्मरण केले जाते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग विझवायला गेलेले 66 जवान स्फोटात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या आठवड्यात सलामी होते, शाळांमधून प्रात्यक्षिके होतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात. सप्ताह संपला की अग्निशमन दलाची फाईल पुन्हा कपाटात जाते आणि तिच्यावरचा शेरा तोच राहतो : 'निधी उपलब्ध नाही.'

हा शेरा कायद्याला मान्य आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 मध्ये अग्निशमन दल ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातही आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे आवश्यक कर्तव्यांमध्येच मोडते. बंधनकारक याचा अर्थ, पैसे उरले तर करायचे काम असा होत नाही. चौकातल्या कमानी, कारंजी आणि महोत्सव ही कामे ऐच्छिक आहेत. बंब ऐच्छिक नाही.

मग पैसा अडतो कुठे? 74 व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील 18 विषयांत अग्निशमन सेवा हा सातवा विषय आहे. परंतु अनुच्छेद 243-डब्ल्यू नीट वाचले तर असे दिसते की, राज्य विधिमंडळ हे अधिकार नगरपालिकांना 'देऊ शकेल', एवढेच तेथे म्हटले आहे. जबाबदारी खाली आली, थैली मात्र वरच राहिली. उलट, पालिकांचे हक्काचे उत्पन्न टप्प्याटप्प्याने गेले. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली. महापालिकांच्या जकातीची जागा एलबीटीने घेतली आणि 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही संपली. आता शासनाकडून येणाऱ्या भरपाईवर आणि अनुदानावर पालिका जगतात. ते पैसे पगार, पेन्शन आणि वीजबिलात जातात. राहिला मालमत्ता कर. तो वाढवायला निवडून आलेला कोणताही नगरसेवक तयार नसतो.

1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात बाबासाहेबांनी केंद्र आणि प्रांत यांच्या आर्थिक संबंधांची चिकित्सा केली. खर्चाची जबाबदारी एकाकडे आणि पैशाच्या नाड्या दुसऱ्याकडे असतील तर कारभार कसा चालेल, हा प्रश्न आज नगरपालिकेच्या दारात उभा आहे.

ही शहराची कथा. खेड्याची स्थिती तर याहून वाईट आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, पण अग्निशमन त्यात नाहीच! औद्योगिक क्षेत्रासाठी एमआयडीसीची स्वतंत्र अग्निशमन केंद्रे आहेत. म्हणजे कारखान्याच्या आगीचा विचार झाला, गावातल्या घराच्या आगीचा झाला नाही. गावात आग लागली की तालुक्याच्या नगरपालिकेला फोन जातो. बंब निघेपर्यंत, रस्ता कापेपर्यंत घर कोळसा झालेले असते. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला आग नेहमी चुलीतूनच लागते असेही नाही. 1968 साली किळवेन्मणीत 44 दलितांना जिवंत जाळले गेले. 1978 च्या नामांतराच्या काळात मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. 2010 मध्ये हरियाणातील मिर्चपूरमध्ये तेच झाले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3 (2) (iv) नुसार राहते घर जाळणाऱ्याला जन्मठेप होऊ शकते. परंतु हे कलम आगीनंतर लागू होते. आग विझवायला कलम धावत येत नाही, बंबच यावा लागतो.

7 डिसेंबर 2015 रोजी कांदिवलीच्या दामूनगरमध्ये सिलिंडरचे स्फोट होत गेले आणि सुमारे दोन हजार झोपड्या खाक झाल्या. अशा आगीत फक्त भांडीकुंडी जळत नाहीत. रेशनकार्ड जळते, फोटोपास जळतो, मुलांचे दाखले जळतात. मुंबईत मोफत पुनर्वसनासाठी 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेचा जीर्ण दाखला पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो. तो एकदा जळाला की नातवाच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंतची वाट बिकट होते. पंचनाम्यात तलाठी पत्रे आणि वासे मोजतो. या नुकसानीला त्याच्या तक्त्यात रकानाच नसतो. म्हणून बंब दहा मिनिटे उशिरा येणे हा आपल्यासाठी पिढीचा प्रश्न होतो.

पैसे अजिबात नाहीत, असेही नाही. अग्निशमन सेवेच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने 2023 मध्ये 5000 कोटी रुपयांची योजना आणली. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला 25 टक्के वाटा स्वतः घालावा लागतो. योजनेतून गाड्या येतील, इमारती होतील. पण गाडीवर बसणाऱ्या जवानाचा पगार दर महिन्याला कोण देणार? अनेक ठिकाणी यावर कंत्राटी भरतीचा तोडगा काढला जातो. कंत्राटात आरक्षण नाही, बिंदुनामावली नाही, आणि जीव धोक्यात घालणाऱ्या जवानाच्या मागे त्याच्या कुटुंबाला पेन्शनही नाही. निधीची टंचाई अशी आपल्या मुलांच्या हक्कावर येऊन पडते.

काही जण म्हणतील, अमेरिकेसारखा स्वतंत्र कर लावा. तेथे कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, मिसुरी अशा राज्यांत अग्निसुरक्षेचे स्वतंत्र जिल्हे आहेत. त्यांचे मंडळ वेगळे, मालमत्ता करातला वाटा वेगळा. तरीही तेथे टंचाई आहेच. कॅलिफोर्नियात 1978 च्या जनमताने मालमत्ता कराला मर्यादा घातली. शिवाय जेथे घरांची किंमत कमी, तेथे कर कमी, आणि जेथे कर कमी तेथे बंबही कमी. स्थानिक करावरच सारे सोपवले तर श्रीमंत वस्ती सुरक्षित आणि गरीब वस्ती उघडी, हाच न्याय होईल. म्हणून कर हवा, पण त्याच्या जोडीला राज्याच्या तिजोरीतून समतेची भरही हवी.

आपल्याकडे कर आहेतही. अनेक महापालिकांच्या मालमत्ता कराच्या बिलात अग्निशामक कराची वेगळी ओळ असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार नव्या बांधकामांवर अग्निशमन सेवा शुल्क आकारता येते. 2021 मध्ये मुंबईत जुनी वसुली रहिवाशांकडून करण्याचा प्रयत्न झाला, ओरड झाली आणि स्थगिती आली. बिल्डरकडून वेळेत वसुली का झाली नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी मागितले नाही.

2021 याच वर्षी, 9 जानेवारीला, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. तरी एप्रिलमध्ये विरारला 15 रुग्ण गेले आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात किमान 11. ऑडिट हा कागद आहे. कागदावरच्या त्रुटी दूर करायला पैसा लागतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, माहितीच्या अधिकारात आपल्या पालिकेकडे तीन गोष्टी मागा : अग्निशामक कर व शुल्क किती जमा झाले, ते कशावर खर्च झाले आणि अग्निशमन दलाची मंजूर व भरलेली पदे किती. दुसरे, अर्थसंकल्पाच्या सभेपूर्वी वॉर्डातून लेखी मागणी द्या. तिसरे, अग्निशमनाचा खर्च सर्वसाधारण निधीतूनच झाला पाहिजे. दलितवस्ती सुधार योजनेच्या पैशातून बंब घेऊ, असे कोणी म्हणाले तर ठाम विरोध करा. त्या पैशातून आपल्या वस्तीचा रस्ता बंब वळेल एवढा रुंद करून घ्या, पाण्याची टाकी बांधून घ्या. चौथे, जिल्हा परिषद आणि विधिमंडळातील आपल्या प्रतिनिधींना विचारा, की खेड्यातल्या आगीची जबाबदारी कायद्याने नेमकी कोणाची?

101 हा नंबर सगळ्यांसाठी एकच आहे. तो लावल्यावर येणारी गाडी टॉवरला एका वेळेत आणि वस्तीला दुसऱ्या वेळेत पोहोचत असेल, तर ती विषमताच आहे. येत्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीआधी प्रत्येक वस्तीतून असे एक निवेदन पालिकेत गेले पाहिजे आणि त्याची पोच घेतली पाहिजे.